लाल रंगाचे दोन हात

बारकीनं नेलपॉलिश मागितली तेव्हा थोरलीला आधी हसूच आलं. दवाखान्यातून घरी आणून सहा दिवस झाले होते, आणि त्या सहा दिवसांत बारकीनं तीनच गोष्टी मागितल्या होत्या. पाणी दे, उशी वर घे, खिडकी उघड. या तीन वाक्यांवर तिचं सगळं चाललं होतं, कारण चौथं बोलायला श्वास पुरत नव्हता.

"कसली नेलपॉलिश?" थोरलीनं विचारलं.

"लाल." बारकी थांबली. नाकातल्या नळीतून तिनं हवा ओढली. "भडक नको. ऊब असलेला लाल. आणि चमक हवी. नव्या गाडीच्या पत्र्याला असते ना, तशी."

"गाडीचा पत्रा नखाला लावू म्हणतेस?"

"लाव की. गंजायला वेळ कुठं मिळणारे त्याला."

थोरलीनं डोळे वटारले, पण मनातून तिला बरं वाटलं. असली वेडीवाकडी थट्टा बारकीच्या तोंडून दोन महिन्यांत ऐकली नव्हती. माणसाला नटावंसं वाटतंय म्हणजे आत कुठंतरी धुगधुगी आहे, असं तिनं मनाशी धरलं.

"आणि ओठांना पण काहीतरी आण," बारकी म्हणाली. "सालं निघतायत."

दोघींत अकरा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा बारकी सात वर्षांची होती, वडील त्याआधीच गेलेले. मधला भाऊ शहरबसवर चालक म्हणून लागला आणि लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. थोरलीचं लग्न राहून गेलं ते गेलंच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत या दोघी बहिणी राहत होत्या, आणि शेजारीपाजारी बारकीला थोरलीची मुलगीच समजायचे. ते दोघींनीही कधी खोडून काढलं नव्हतं.

थोरली कपड्याच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेली पँट उलटी करायची, शिवण बोटानं चाचपायची, सुटलेले दोरे कापायचे, पुन्हा सुलटी करून पुढं ढकलायची. एकोणीस वर्षं हेच. बारकी वयात आल्यावर थोरलीनंच सुपरवायझरबाईंकडे शब्द टाकला आणि तिला तिथं चिकटवली. शिलाईत जागा नव्हती, वाळूखात्यात होती. नवीकोरी पँट गुडघ्यावर विटलेली दिसावी म्हणून तिच्यावर नळीतून जोरानं वाळू मारायची, असं ते काम. वाळू बाहेर उडून बाकीचा माल खराब होऊ नये म्हणून त्या खात्याची दारंखिडक्या कायम बंद. तोंडाला बांधायला पँटच्याच कापडाचा एक तुकडा. बारकी संध्याकाळी घरी यायची, दारातच केस झटकायची आणि म्हणायची, "घे ताई, समुद्रकिनारा आणलाय तुझ्यासाठी." थोरली हसायची आणि झाडू घ्यायची. आठ वर्षं तिनं तो समुद्रकिनारा झाडला.

नववं वर्ष खोकल्यानं सुरू झालं. मग जिने चढताना दम, मग बसल्याजागी दम. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरून सांगितलं की वाळू फुप्फुसात जाऊन बसली आहे आणि ती आता निघत नसते. वाळूखातं तोवर बंद होऊन भलतीकडेच कुठंतरी हललं होतं. जाब कुणाला विचारायचा हेच कळेना. थोरलीला मात्र एका माणसाचा पत्ता ठाऊक होता. शब्द तिनं स्वतःच टाकला होता.

तेव्हा नेलपॉलिश ही काय मोठी गोष्ट. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट दुकानात गेली.

तिनं आयुष्यात नखं रंगवली नव्हती. कारखान्यात बंदीच होती, फिक्या कापडावर रंग उतरतो म्हणून. त्यामुळे काचेमागं नुसत्या लाल रंगाच्याच वीसएक बाटल्या बघून ती गोंधळली. दुकानातल्या मुलीनं तिचा डावा हात गल्ल्याशेजारच्या टेबलावर पालथा ठेवला आणि एकेका बोटाला एकेक लाल लावून दाखवला. अंगठ्यावरचा विटकरी होता, त्याच्या शेजारचा टोमॅटोसारखा. मधल्या बोटावरचा काळपट निघाला. अनामिकेवरचा मात्र बघता बघता बदलला. हात सपाट ठेवला की तो तांब्यासारखा दिसे, जरा कलता केला की फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा आतून उजळे.

"हा छान दिसतोय तुम्हाला," मुलगी म्हणाली.

"मला नकोय. बहिणीला."

"मग त्यांचा वर्ण कसाय? गोऱ्या आहेत की सावळ्या?"

साधा प्रश्न, पण थोरली अडखळली. बारकी सावळी होती, लखलखीत सावळी. हल्ली तिचा रंग कुठला म्हणायचा ते तिला सांगता येईना.

"सावळीच," ती शेवटी म्हणाली. "आजारी आहे म्हणून जरा उतरलीय."

"मग हाच न्या. आजारपण झाकतं रंगानं."

थोरलीनं ती बाटली आणि त्याच लालातली एक लिपस्टिक घेतली. डाव्या हाताची पाच नखं पुसायची राहून गेली, आणि सकाळी कामावर सुपरवायझरबाईंच्या नजरेतून ती सुटली नाहीत.

"हे काय? पाच पक्षांची युती?" बाईंनी विचारलं.

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. थोरलीनं कापडावरचे तेलाचे डाग काढायच्या औषधात चिंधी बुडवून नखं साफ केली. घरी लागेल म्हणून तेच औषध थोडं बाटलीत भरून घेतलं.

त्या संध्याकाळी तिनं खिडकी सताड उघडली, पलंगावर जुना टॉवेल पसरला आणि बारकीचा हात मांडीवर घेतला. हात कसला, काड्यांची जुडी. बारकीनं नखं तळहातात दुमडून धरली होती, ती तिनं एकेक करून सोडली. खोलीतला दिवा अंधुक होता आणि थोरलीचा चष्मा कारखान्यातच राहिला होता. ब्रश नखाबाहेर जाऊ नये एवढंच तिचं लक्ष. उग्र वासानं बारकीला ठसका लागला, तशी तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं, पण हात काढून घेतला नाही.

"राहू दे का?" थोरलीनं विचारलं.

"नको. पुरं कर."

दहा नखं झाली. बारकीनं हात डोळ्यांसमोर धरला, बराच वेळ निरखला.

"अजून एक हात दे, ताई. आरपार दिसता कामा नये."

"कारखान्याचा मालक बरा तुझ्यापेक्षा."

"दे ना."

थोरलीनं दुसरा हात दिला. मग ओठांनाही लावलं. मग बारकीनं आरसा मागितला, स्वतःकडे बघितलं आणि म्हणाली, "आता कुणी बघितलं तर म्हणेल, ही आजारी बिजारी काही नाही, नुसती कामचुकार आहे." दोघी हसल्या. हसताना बारकीचा श्वास अडकला, तो जागेवर यायला पाच मिनिटं लागली. तरीही ती संध्याकाळ चांगली गेली असंच थोरलीला वाटलं.

रविवारी मधला भाऊ आला. बहिणीला बघून तो दारातच थबकला. "अरे वा. नटूनथटून कुठं निघाली स्वारी?"

"तुझ्या बसनं फिरायला," बारकी म्हणाली. "फुकट नेशील ना?"

तिच्याशी बोलून तो स्वयंपाकघरात आला आणि थोरलीला हळूच म्हणाला, "तरतरी आलीय गं. मला वाटलं होतं त्याहून बरीय." थोरलीलाही तेच वाटत होतं. बारकी हल्ली जास्त झोपते, अर्धी पोळीसुद्धा खात नाही, हे तिला दिसत होतं. पण ओठ लाल होते, नखं चमकत होती, आणि बघणाऱ्याला जे बघायचं असतं तेच आधी दिसतं.

मंगळवारी सकाळी कप उचलताना बारकीच्या अंगठ्यावरचा रंग कडेनं खरवडला गेला. थोरलीची त्या दिवशी सुट्टी होती. "आण इकडे, नवा लावून देते," म्हणत ती डागांच्या औषधाची बाटली घेऊन बसली. बारकी अर्धवट झोपेत होती. तिनं हात मागं घेईपर्यंत थोरलीनं चिंधी नखावरून फिरवलीही होती.

लख्ख ऊन होतं आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

रंगाखालचं नख निळं होतं. मुळापाशी जांभळट, टोकाकडे पाटीसारखं राखाडी. थोरलीनं अंगठा दाबून सोडला. रंग परतला नाही. तिनं न विचारता शेजारचं बोट पुसलं. तेही तसंच.

दवाखान्यात ती अडीच आठवडे बाकावर बसून होती. निळ्या नखांचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

बारकी छताकडे बघत राहिली.

"मी विचारतेय, कधीपासून?"

"घरी आले, त्याच्या चौथ्या दिवसापासून."

"मला का नाही सांगितलंस? घरी सोडताना नर्स काही म्हणाली नव्हती?"

"म्हणाली होती. तू औषधांच्या रांगेत होतीस तेव्हा." बारकी एकेक तुकडा जोडत बोलत होती. "म्हणाली, नखं बघत जा. ओठ बघत जा. निळे दिसले की... तशीच उचलून आणायची."

थोरलीच्या हातातली चिंधी खाली पडली. मग ती म्हणाली, "म्हणून गाडीचा पत्रा. म्हणून दोन हात. माझ्याकडनं रंगवून घेतलंस. माझ्याच हातानं माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस."

"दुसऱ्या कुणाकडं मागणार होते मी, ताई?"

"ऊठ. आत्ता निघायचं. मी गाडी बोलावते."

"नाही."

"बारके, मी तुला विचारत नाहीये."

"ऐक तरी." बारकीनं तिची साडी मुठीत धरली. पकडीत जोर नव्हता, पण थोरलीला ती सोडवता आली नाही. "मागच्या वेळी घशात नळी होती. तुला काचेतनं दिसत होतं. पण तुला माहीत नाही. माझे हात बांधले होते, पलंगाला. मी नळी ओढीन म्हणून. नाक खाजलं तरी... हलता येत नव्हतं. पाणी मागता येत नव्हतं. आठ दिवस. डॉक्टर म्हणाले ना तुला, पुन्हा नळी घातली तर ती निघेल असं नाही."

म्हणाले होते. दाराबाहेर उभं राहून, घड्याळाकडे बघत. थोरलीनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, भावालासुद्धा नाही. बारकीला ते कसं कळलं, देव जाणे.

"इथं खिडकी आहे," बारकी म्हणाली. "तू आहेस. मला बांधून मरायचं नाही."

थोरली फोन घेऊन जिन्यात गेली. दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, खालून भांडी घासल्याचा आवाज येत होता. रुग्णवाहिकेचा नंबर तिला पाठ होता. तिनं पहिले दोन आकडे दाबले आणि पायरीवर बसली. लहानपणी बारकी शाळेत जायला नको म्हणायची तेव्हा हिनं तिला फरफटत नेलं होतं. कडू औषध नाक दाबून पाजलं होतं. वाळूखात्याच्या पहिल्या दिवशीही बारकीनं घरी आल्यावर कुरकुर केली होती, "ताई, तिथं श्वास घेववत नाही गं." आणि हिनं सांगितलं होतं, होईल सवय. आयुष्यभर आपण तिच्या भल्याचं तिला न विचारता ठरवत आलो, त्यातलं किती भलं निघालं, याचा हिशेब तिला त्या पायरीवर लागेना. फोनचा पडदा काळा झाला. ती उठून आत आली.

बारकी तिच्याकडे बघत होती. थोरलीनं बाटली हलवली, झाकण उघडलं आणि अंगठा हातात घेतला. या वेळी तिला नीट दिसत होतं आपण काय झाकतोय ते. तिनं दोन्ही नखांना दोन-दोन हात दिले, आणि वाळेपर्यंत फुंकर मारत बसली.

बुधवारी थोरली कामावर गेलीच नाही. दुपारी भावाचा फोन आला. "कशीय?"

"झोपलीय."

"आवाज ऐकू दे की जरा."

"दमलीय रे. उगाच उठवू नको."

"ताई, काही लपवत नाहीस ना? म्हणत असशील तर सुट्टी टाकतो, नेऊ दवाखान्यात."

"गरज नाही," थोरली म्हणाली. भावाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि जीभ जराही अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

तिनं मनाशी एक चित्र रंगवलं होतं. बारकी अशीच झोपेत हळूहळू विझेल, हात हातात असेल. गुरुवारी तसं झालं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला बारकी एकदम उठून बसली. डोळे विस्फारलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ. ती हवा ओढत होती आणि हवा येत नव्हती. थोरलीनं तिला पाठीमागून टेकू दिला, ऑक्सिजनच्या यंत्राचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, पाठ चोळली. कशाचा उपयोग होईना. बारकीनं तिचं मनगट असं आवळलं की नखं कातडीत रुतली, आणि एकच शब्द काढला.

"बोलव."

थोरलीनं विचारलं नाही कुणाला. तिनं आधी रुग्णवाहिकेला फोन केला, मग भावाला. रुग्णवाहिकेच्या माणसानं पत्ता दोनदा विचारला. "लवकर या," ती सांगत होती, "तिसरा मजला, जिना अरुंद आहे, लवकर या." तिकडून यायला पाऊण तास लागला. बारकी त्यातला अर्धा तास पुरली. शेवटची काही मिनिटं ती शांत होती, पण ती शांतता दमून पडलेल्या माणसाची होती.

रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस वयस्कर होता. त्यानं नाडी बघितली, मग सवयीनं ऑक्सिजन मोजायचा, बोटाला लावायचा चिमटा काढला. चिमट्यावर आकडा उमटेना. त्यानं हात उजेडात धरला आणि अंगठ्याच्या पेरानं नखावरची चमक घासून बघितली.

"हे कुणी लावलं?"

"मी," थोरली म्हणाली.

"रंगाखालून काही कळत नाही हो. लावू नये आजारी माणसाला." तो रागावून बोलला नाही. त्यानं चिमटा कानाच्या पाळीला लावला, थोडा वेळ थांबला आणि मान हलवली.

भाऊ गणवेशातच आला होता, प्रवासी भरलेली बस दुसऱ्याच्या हवाली करून. तो दारात उभा होता आणि त्यानं हे सगळं ऐकलं. सगळं आटोपल्यावर, तिसऱ्या दिवशी, त्यानं स्वयंपाकघरात थोरलीला गाठलं.

"तुला माहीत होतं?"

तिला सहज नाही म्हणता आलं असतं. रंग होता, दिसलं नाही, एवढं पुरलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं.

"मंगळवारी कळलं," ती म्हणाली. "तिनं नको म्हटलं. मी पुन्हा रंग लावला."

"आणि बुधवारी मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता. "दोन दिवस होते माझ्याकडे," तो म्हणाला. "तू तेही घेतलेस." एवढं बोलून तो निघून गेला, आणि सात महिने त्यानं या घराची पायरी चढली नाही.

थोरली आठवड्याभरात कामावर रुजू झाली. शिवण चाचपताना, दोरे कापताना बाकी सगळं विसरता यायचं, पण 'बोलव' हा शब्द अधूनमधून वर यायचा. बारकीला दवाखाना हवा झाला होता, की भाऊ हवा होता, की त्या क्षणी शरीरानं आपण होऊन मागितलेली ती नुसती मदत होती? मंगळवारचं बारकीचं बोलणं खरं धरावं, की गुरुवारचा शब्द? तिला ते कधीच ठरवता आलं नाही. काही दिवस ती स्वतःला माफ करायची, काही दिवस नाही.

आठव्या महिन्यात, एका रविवारी, भाऊ आला. बारीक झाला होता. त्यानं चपला काढल्या, बारकीच्या रिकाम्या पलंगाकडे न बघता खुर्ची ओढून बसला. थोरलीनं चहा टाकला. कप त्याच्यापुढे ठेवला.

"मला सांगितलं असतंस तर..." तो म्हणाला.

"तर तू नेलं असतंस."

"नेलं असतं. उचलून नेलं असतं."

"माहीत होतं मला. म्हणून नाही सांगितलं."

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "मी अजून रागावलोय, ताई. जाईल की नाही, सांगता येत नाही."

"रागाव," ती म्हणाली. "पण येत जा."

त्यानं चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला. दुपारची पाळी होती, म्हणून निघाला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला.